संध्याकाळसाठी राखलेली ऊब

७ जून
इथे ऐन जूनमध्ये हिवाळा, त्यात हीटर थंडगार! आणि गुन्हेगार मीच. काल झोपताना सवयीने भिंतीवरचं बटण बंद केलं. सोलापुरात जन्म गेला बटणं बंद करण्यात, हात आपोआप जातो. कांचनने कपाळाला हात लावला. "आई, अगं हा रात्रीच तापतो!" रात्री उशिरा इथे वीज स्वस्त असते म्हणे. तेव्हा आतल्या विटा तापवून ठेवायच्या आणि दिवसा त्यांची ऊब घ्यायची. विटा! मला वाटलं पोरगी आईची चेष्टा करतेय. पण ते धूड हलवून पाहिलं, तसूभर सरकेना. असतील बाई विटा.
एवढं सांगून ती हेन्डरसनला पळाली, तिच्या फार्मसीत. मी दिवसभर दोन स्वेटर घालून!

९ जून
आज मज्जा! हीटरशेजारी खुर्ची ओढून बसले, पाय शेकले, मेथी निवडली. ऊब सोडायचं बटण पार टोकापर्यंत फिरवून ठेवलं होतं. पण सहाला कांचन येईस्तोवर घर गार. ती जेवली, "दमलेय गं" म्हणाली आणि खोलीत. गरम ब्लँकेटमध्ये. दार बंद.
रोज हेच. एवढ्या लांब मी काय भिंतींशी बोलायला आले? लहानपणी हिच्या तोंडाची टकळी थांबायची नाही. मला माझी पोरगी हवीय, संध्याकाळी तासभर तरी!

१० जून
ऊब निसटू नये म्हणून हीटरवर चादर टाकली. कांचन किंचाळली — "आग लागेल!!" काढली.

१२ जून
कळलं! भांडी घासताना एकदम डोक्यात आलं. अहो, ही तर आमची पाण्याची टाकी! सोलापुरात पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ते भरून पुरवून वापरायचं. पहिल्याच दिवशी नळ सोडून बसलं तर मग ठणठणाट. मी इथे तेच करतेय की! पोरीच्या वाट्याची ऊब दिवसभर एकटीच उडवतेय. लाज वाटली मला.
उद्यापासून नळ बंद.

१३ जून
कांचन गेल्याबरोबर ऊब सोडायचं बटण बंद करून टाकलं. घर बर्फ! मग कानटोपी घालून चालत न्यू लिनच्या लायब्ररीत. तिथे फुकट ऊब. काउंटरवरची बाई "किया ओरा" म्हणाली, म्हणजे इथला नमस्कार, मीही ठोकून दिलं — "किया ओरा!" खूश झाली.
पाचला परत येऊन बटण उघडलं. काय ऊब आली म्हणून सांगू! कांचन आली, दारातच थबकली. "आज घर एवढं गरम कसं?" मी म्हटलं, मला काय माहीत, तुझा हीटर तू जाण. मोजे काढून बसली की सोफ्यावर!

१७ जून
चार दिवस झाले, रोज बसते. आज एका गिऱ्हाइकाची नक्कल केली — एवढ्या गारठ्यात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून आलेला आणि वर सर्दीचं औषध मागतोय! हसून हसून पोट दुखलं. मध्येच म्हणाली, "आई, दिवसा तू गारठत नाहीस ना?" छे, म्हटलं. खोटं बोलले. नाक लाल होतं माझं.

२० जून
आज दोनदा "आई..." म्हणून थांबली. काय गं? तर म्हणे "काही नाही, चहा करू?" काहीतरी आहे पोटात. विचारलं नाही. बोलेल.

२१ जून
बोलली. थंडी बिचारी उगाच बदनाम — इतके दिवस पोरगी मलाच चुकवत होती. दूरच्या डनीडन शहरातल्या हॉस्पिटलात मोठी नोकरी मिळालीय हिला. पुढच्या महिन्यात जायचं. तिथे याहून गारठा, बर्फसुद्धा पडतो. "तुला सांगितलं असतं तर त्या गारठ्याला भिऊन तू सोलापूरला निघून गेली असतीस..." आणि रडायलाच लागली, येडी!
मी म्हटलं, "रडतेस काय? आपण निघायचं कधी ते सांग."