‘बरं हाय’ हे उत्तर परत घेण्याबाबत

प्रति,
मा. पाहणी अधिकारी साहेब,
मानवकेंद्री विकास कक्ष, सोलापूर

विषय : पाहणीत दिलेले उत्तर रद्द करून गल्लीचे पाळणाघर परत मिळण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाची घरोघरची पाहणी.

महोदय,

१. अर्जदार फुलाबाई गुंडा वाघमोडे, मूळ वळसंग, हल्ली भवानी पेठ, घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवते. आपले साहेब तिच्या दारी आले व "कसं चाललंय, मावशी?" असे त्यांनी विचारले. अर्जदाराने "लई बरं हाय की साहेब, कायबी तक्रार न्हाय," असे उत्तर दिले. साहेब "छान, छान" म्हणाले. सरकारी माणूस दोनदा छान म्हणाला तेव्हाच पाणी कुठेतरी मुरतंय, हे तिने ओळखायला हवे होते.

२. दारी आलेल्या माणसापुढे रडगाणे गाऊ नये, हे सासूने लावलेले वळण. शेजारच्या बजाबाईच्या कपबशा आणून चहा दिला, तोही त्याच वळणाने. गल्लीतल्या सगळ्याच बायकांनी तेच उत्तर दिले. खाटेवरचा टॉवेलचा ढीग शिवायला देणाऱ्या शेठचा होता, तो साहेबांनी कुणाच्या नावे लिहिला, देव जाणे.

३. आता कळते की, "महिला समाधानी आहेत, गरज आढळली नाही," या शेऱ्यावर मंजूर पाळणाघर दुसऱ्या पेठेत गेले. अर्जदाराला दाट संशय आहे, की साहेब मुद्दाम चहाच्या वेळी आले. माणसाला विचारून विकास करायचा तो असा, की वळणाच्या माणसाने आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यावा!

४. तेव्हापासून कुणीही "कसं काय?" विचारले, की अर्जदार आधी "वाईट हाय" म्हणते. गॅसवाल्याला म्हणाली. परवा विहीणबाईंनाही म्हणाली. त्या रुसून, न जेवता गेल्या.

५. खरी गोष्ट अशी. सून रेश्मा अक्कलकोट रोडला मागावर कामाला जाते. नात ऋतुजा नुकती चालू लागली आहे. एकदा तिचे बोट मशीनच्या सुईखाली आले. तेव्हापासून काम चालू असेतो तिला कापडी पट्टीने खाटेच्या पायाला बांधतात. साहेब म्हणाले, "बाळ किती शांत आहे!" अर्जदार म्हणाली, "गुणाची हाय." महोदय, ती गुणाची नाही. पट्टी कुठवर पुरते, हे तिला कळले आहे. हे लिहून घेताना अर्जदाराची मान खाली आहे.

तरी फेरपाहणी व्हावी, ही विनंती. साहेबांनी अर्जदाराला काही विचारू नये. समोर माणूस उभा राहिला, की तिच्या तोंडून पुन्हा "बरं हाय"च निघेल. आधी खाटेच्या पायाशी बसलेल्या पोरीकडे बघावे, मग काय ते लिहावे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
फुलाबाई गुंडा वाघमोडे (अंगठा)
सोलापूर, दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत : गल्लीतील महिलांच्या सह्या व अंगठे. सगळ्यांचे म्हणणे हेच.