निवृत्तीभाऊंच्या विहिरीतली भेग

११ एप्रिल १९८४
कॉलेज सुटल्यावर सायकलने मळ्यात. निवृत्तीभाऊ झेंडू लावतात, नवी विहीर खणायला घेतलीय. मी शिडीने वीस फूट उतरले. पूर्वेच्या बाजूला वाळूचा पट्टा सरळ येतो आणि मधेच तुटतो. पुढचा तुकडा हातभर खाली. तुटल्याची रेघ तिरपी वर चढते, काळ्या मातीखाली थांबते. म्हणजे काळी माती साचण्याआधी कधीतरी एका धक्क्यात जमीन सरकलीय. हजारो वर्षं झाली असतील. बारा वर्षं पोरांना भूकंप शिकवतेय, त्याची खूण आज पहिल्यांदा बोटांनी चाचपली. फार आनंद झाला.

१३ एप्रिल
आनंद संपला. कंपास लावून रेघ वर जमिनीवर काढली, तर ती थेट नव्या घराच्या पायासाठी आखलेल्या चुन्याच्या फक्कीवर. नि.भाऊ मुलासाठी बांधतायत. पक्कं, दगडाचं. सून पोटुशी.
त्यांना सांगितलं, जमीन पुन्हा हलली तर दगडाचं घर माणसांच्या अंगावर येईल. म्हणाले, "परत कधी हालंल?"
"सांगता येत नाही. उद्या, नाहीतर पाच हजार वर्षांनी."
"मंग बाई, पाच हजार धरू."
हसले. मलाही हसू आलं, आणि त्याचाच राग आला.

१६ एप्रिल
पुण्याला सरांना पत्र. मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांचे पांढरे केस बघून तरी नि.भाऊ ऐकतील. फोटो नाही: कॅमेरा कपाटात, किल्ली विभागप्रमुखांकडे, विभागप्रमुख सासुरवाडीला. हाताने चित्र काढलंय.
भाऊंना म्हटलं, मोठे सर विहिरीत उतरून बघणार, तोवर घर थांबवा. लगेच कबूल.

२८ एप्रिल
सरांना द्वारका चौकातून रिक्षाने मळ्यात नेलं. विहिरीच्या काठी सडा-रांगोळी. मी आत डोकावले, तर रेघ कुठेच दिसेना. तळापासून वरपर्यंत दगडी बांधकाम. जादा गवंडी लावून दहा दिवसांत उरकलेलं.
भाऊ म्हणाले, "एवढा मोठा पाव्हणा, कच्च्या इहिरीत कसा उतरवायचा? ढेकूळ पडलं डोक्यात तर?"
चूक माझीच. पाहुणा येणार म्हटल्यावर माणसं आवराआवर करणार, एवढं कळायला हवं होतं. दगड काढा म्हणायला जीभ रेटेना.
सरांनी चित्र पाहिलं. "तुझ्यावर विश्वास आहे. पण मी न पाहिलेल्या गोष्टीवरून यांना घर हलवा कसं सांगू?" चहा घेतला, बांधकामाचं कौतुक केलं, गेले.

६ मे
पाया भरला. पहिला दगड माझ्या हातून, हा भाऊंच्या बायकोचा, हौसाबाईंचा हट्ट. "आमच्या जमिनीत तुमच्याइतकं कुनी डोकावलं नाय."
ठेवला. नाही कसं म्हणणार?

९ डिसेंबर
वास्तुशांत. घर सुरेख झालंय. सून मात्र रडवेली. नातू चार महिन्यांचा, पण हौसाबाई त्याला घेऊन जुन्या कुडाच्या झोपडीतच निजतात. माझं एप्रिलमधलं बोलणं सगळ्या घरात एकट्या त्यांनीच मनावर घेतलं. झोपडीत चारी बाजूंनी वारा. पोर आठवडाभर खोकतंय, छाती घरघरतेय.
सासूकडे बघत सून म्हणाली, "बाई, आत्या तुमचंच ऐकत्यात. आत घ्यायला सांगा ना."
हौसाबाईंनी त्याला पदरात गुंडाळलं. "सांगा बाई. नेऊ आत?"
डॉक्टरला दाखवा, मी म्हणाले. दाखवून झालं होतं. ऊब द्या म्हणालाय.
दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पोराचे पाय चोळत बसले. गार होते.