निरीक्षण गाडीतली खुर्ची

३ सप्टेंबर १९४१, फुजीच्या पायथ्याचं सरावाचं मैदान
आमच्या तोफखान्याला नवी चिलखती निरीक्षण गाडी आली. आत मोठी दुर्बीण, रेडिओ आणि निरीक्षकाची एकच खुर्ची. गोळा कुठे पडला ते बघायचं, मागच्या तोफांना कळवायचं. हेच काम मी पाच वर्षं झाडावर चढून करतोय. खुर्ची मिळाली सार्जंट हातोगाईला. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मला अजिबात हेवा वाटत नाही. रात्री जेवण गेलं नाही, पण ते सूप खारट होतं म्हणून.

४ सप्टेंबर
हेवा वाटतो. लिहून टाकलं, विषय संपला. उद्यापासून हातोगाईकडे बघायचं नाही.

५ सप्टेंबर
बघितलं. गाडीतून उतरला तो पांढराफटक. कॅप्टन इसोबेंच्या कानाशी लागला होता. चहाड्या, दुसरं काय. मग मला म्हणाला, "वाकुईसान, तुमची नजर म्हणजे नजर. या दुर्बिणीला नाही जमायचं." टोमणाच.
ठराव : उद्या जनरलसाहेब सराव बघायला येणार. गाडीशेजारच्याच पाईनच्या झाडावर चढायचं, गाडीच्या आधी गोळ्याचं अंतर सांगायचं. खुर्ची आपोआप माझी.

६ सप्टेंबर, दुपार, लष्करी दवाखाना
सरावाआधी सगळे सम्राटांच्या राजवाड्याच्या दिशेने वंदनाला उभे राहिले. कॅप्टन खालून म्हणाले, "वाकुई, तू झाडावर आहेस. नुसती मान लववलीस तरी चालेल." पण हातोगाई गाडीच्या झाकणातून अर्धा बाहेर येऊन चांगला कमरेत वाकला. तो वाकणार आणि मी मान हलवणार? मी त्याच्याहून खाली वाकलो.
फांदी कच्ची निघाली. पडलो तो थेट गाडीच्या दुर्बिणीवर. तीही मोडली, माझा पायही. सराव रद्द. आता निदान हातोगाईलाही काही दिसणार नाही.

८ सप्टेंबर
कॅप्टन येऊन गेले. म्हणाले, "काय करून बसलास रे? हातोगाईला त्या गाडीत उलट्या होतात. रोज माझ्या मागे लागला होता, खुर्ची वाकुईसानना द्या म्हणून. सराव झाला की तुलाच देणार होतो." आता जनरलसाहेबांना माझं नावसुद्धा ऐकायचं नाही.

१५ सप्टेंबर
दुर्बीण दुरुस्त झाली. खिडकीतून गाडी जाताना दिसली. झाकणाबाहेर हातोगाईचं डोकं, तोंडाशी टॉवेल. बिचारा म्हणावं, असं ठरवलं होतं. म्हणवलं नाही. ओकायचंच तर माणसाला त्या खुर्चीत बसून ओकायला मिळावं.