भिंगरीचं गिऱ्हाईक

३ मार्च

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तिकिटं काढली! आता माघार नाही. पुढच्या महिन्याच्या बारा तारखेला मी आणि भिंगरी निघतोय. ह्यांना सुट्टी नाही. शहरातल्या निम्म्या लिफ्ट नेमक्या आत्ताच बिघडल्यात आणि दुरुस्तीला माणसं मोजकी, त्यामुळे हे महिन्याभराने येतील. म्हणजे एवढा लांबचा प्रवास, मी एकटी, आणि मांडीवर तुमची नात. नुसतं लिहितानाच घाम फुटला.

तुम्ही तिला फक्त फोटोत पाहिलंय, आणि फोटोत ती हलत नाही. धरलं तर चावते, सोडलं तर पळते! परवा दवाखान्यात आमचा नंबर येईपर्यंत तिने दोन बायकांच्या पर्स उपड्या केल्या, एका आजोबांची काठी पळवली आणि डॉक्टरांच्या खुर्चीखाली जाऊन बसली. डॉक्टर म्हणाले की हिला काहीही झालेलं नाही, तुम्हीच जरा विश्रांती घ्या. हे सगळं विमानातल्या एका खुर्चीत कसं मावायचं, सांगा बरं!

आणि बाबा, तिची मिशीची भीती अजून गेलेली नाही. आमच्या अख्ख्या इमारतीत कुणाला मिशी नाही, हेसुद्धा रोज सकाळी गुळगुळीत. त्यामुळे फोनवर तुमचा चेहरा आला की पडदाभर मिशी दिसते आणि ही किंचाळत पलंगाखाली. म्हणून तर आपण पत्रांवर आलो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, होईल हळूहळू ओळख. तिच्या झिपऱ्या डोळ्यांत जातात, पण कात्री दिसली की घर डोक्यावर घेते, म्हणून तेही काम तुमच्यासाठी राखून ठेवलंय.

विमानात तिला कशी रमवू ते लिहा. लहान पोरांना खुर्चीत बसवण्यात तुमचा हात धरणारा न्हावी अजून जन्मला नाही. लोभ आहेच, त्यात थोडी शक्कल घालून पाठवा.

तुमची,
बबी

१४ मार्च

चि. सौ. बबीस,
अनेक उ. आ.

पत्र पोचलं. वाचल्याबरोबर तुझ्या आईने गाद्या उन्हात टाकल्या. अजून महिना आहे म्हटलं, तर तुम्हाला काय कळतंय म्हणाली. असो.

आता नीट ऐक. पोर उगाच रडत नाही, हाताला काम नसलं की रडतं. माझ्या खुर्चीत पोर बसलं की मी आधी त्याच्या हातात ब्रश देतो. म्हणतो, साहेब, आधी तुम्ही माझी दाढी करा, मग मी तुमचे केस कापतो. ते माझ्या गालावर ब्रश फिरवत बसतं, तोवर माझी कात्री डोक्याला फेरी मारून येते. आईबाप बघतच राहतात. तेव्हा सोबत एक ब्रश पाठवतोय, नवाकोरा आणि एकदम मऊ. साबण पाठवत नाही, तू विमानात फेस करून ठेवशील. शिवाय शेजारचा प्रवासी कपाळाला आठ्या घालायच्या आत त्याच्याशी गप्पा सुरू कर. बोलतं केलेलं गिऱ्हाईक कान थोडा कापला गेला तरी रागावत नाही.

राहता राहिली मिशी. अगं, ही मिशी म्हणजे दुकानाची पाटी! लोक नाव वाचून आत येत नाहीत, मिशी बघून येतात. लहानपणी तुला झोप येईना की हिचंच टोक मुठीत धरून झोपायचीस, आणि मी हात अवघडला तरी हलायचो नाही. आणि तुझी लेक हिला बघून पलंगाखाली! गल्लीतल्या तीन पिढ्यांची डोकी माझ्या हाताखालून गेली, कुणी घाबरलं नाही. घाबरायला माझीच नात मिळाली. पण मी मनाला मुळीच लावून घेतलेलं नाही. काल रात्री जेवलो नाही तो भूक नव्हती म्हणून. तुझी आई काही लिहील, तिच्यावर विश्वास ठेवू नकोस.

मला एवढंच हवंय बघ, की तिने आपल्या पायांनी माझ्याकडे यावं. उचलून हातात दिलेलं पोर काय, कुणीही घेतं.

जपून या. आशीर्वाद पुष्कळ आहेत, पार्सलात ब्रशाखाली भरलेत.

तुझे,
बाबा

४ एप्रिल

चि. सौ. बबीस,
अनेक उ. आ.

हे पत्र टपाल कचेरीच्या बाकावर बसून लिहितेय. घरी भाजीला जाते म्हणून सांगितलंय, तेव्हा जाताना भाजीही घ्यावी लागणार. ह्यांनी तुला कळवायचं नाही म्हणून शपथ घातली आहे, पण शपथा पाळत बसले तर संसार कसा व्हायचा?

तर ऐक. तुझ्या बाबांनी मिशी काढली.

तुझं पत्र आल्यापासून तोंडात घास नव्हता. दुकानात आरशासमोर उभे राहायचे, कात्री उचलायचे, परत ठेवायचे. दुसऱ्याच्या गळ्यावर वस्तरा फिरवताना ज्या माणसाचा हात कधी कापला नाही, त्याला स्वतःची मिशी कापवेना! शेवटी कुठे गेले असतील? समोरच्याकडे! तोच तो, ज्याने आपल्या दारासमोर दुकान थाटल्यापासून ह्यांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नव्हतं. त्याने म्हणे खुर्ची दोनदा पुसली, नवा टॉवेल काढला आणि मजुरी घेतलीच नाही. एवढी वर्षं ती मिशी समोरून बघून त्याच्या पोटात गोळा यायचा, आज हाताने उतरवायला मिळाली, म्हणजे भरून पावलो म्हणाला.

घरी आले तेव्हा मीच दार उघडून कोण हवंय म्हणून विचारलं. वरचा ओठ इतका गोरा निघालाय की तिथे दिवा लावल्यासारखं दिसतं. दुकानात गिऱ्हाइकं आत येतात, ह्यांना बघतात आणि बाहेर जाऊन पाटी वाचून परत येतात. हे मात्र नात आली की बघाल, एवढंच म्हणतात. मला हसूही येतं आणि काळजात कालवतंही गं.

तर विमानतळावर ओळखायला चुकू नकोस. करडा सदरा असेल, आणि ऊन असो की ढग, हातात छत्री. ओळखल्यावर आधी ठाऊक नव्हतं असं दाखव. हे पत्र तू निघायच्या आत पोचू दे, म्हणजे झालं. भिंगरीचा एक पापा तिला पकडता आलं तर घे.

तुझी,
आई

१२ एप्रिल, विमानातून

घरी सुखाने घोरत असलेल्या नवरोबांस,
स. न. वि. वि.

कागद सापडेना म्हणून उलटीसाठी ठेवलेल्या पिशवीवर लिहितेय. कोरी आहे, नाक मुरडू नका. उतरल्यावर पेटीत टाकते. मी निघेपर्यंत आईचं पत्र काही आलं नाही. आलं तर वाचा, सामान काय आणू नकोस तेच असणार.

पट्टा बांधला, तिने सोडला. बांधला, सोडला. विमान वर जाईपर्यंत आम्ही हेच केलं. मग पुढच्या खुर्चीच्या पाठीची ती फळी, उघड, आपट, उघड, आपट. पुढच्या बाई वळून बघायच्या, मी हसायचे, त्या हसायच्या नाहीत. संत्र्याचा रस माझ्या अंगावर, आणि बदलायचे कपडे विमानाच्या पोटात! संडास म्हणजे उभं कपाट हो. त्यात मी, ती, आणि भिंतीला लावून ताणलेले तिचे दोन पाय. बाहेर आले तर दाराशी रांग, आणि रांगेतल्या प्रत्येकाने सगळं ऐकलेलं.

एवढ्यात हिने खुर्च्यांच्या फटीतून पुढच्या बाईंचा चष्मा ओढला आणि काडी निखळली. मेले, म्हटलं! पण मी चष्म्याच्या दुकानात उगाच काम करते? केसातली पीन काढली, काडी बसवली, वर बाईंच्या कानामागे दाबून नीट करूनही दिली. आयुष्यात पहिल्यांदा चष्मा टोचत नाही म्हणाल्या आणि तिथून हसायला लागल्या.

पण खरं संकट खिडकीशी होतं. एक काका, बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे, आणि मिशी बाबांच्या तोडीस तोड! हिची नजर तिथे गेली मात्र, अशी किंचाळली की हवाईसुंदरी धावत आली आणि तिने काकांकडेच संशयाने पाहिलं. बिचारे आधीच पांढरेफटक, विमानाला जन्माचे घाबरणारे. हिच्यासाठी डोळ्यांपर्यंत पांघरूण ओढून बसले, अगदी दरोडेखोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग विमान हादरायला लागलं. काकांनी डोळे घट्ट मिटले, पांघरूण घसरलं आणि घाबरून ते कसलीशी धून गुणगुणायला लागले. मिशी थरथरायला लागली. भिंगरी गप्प! टक लावून बघतेय. मी पटकन तिच्या हातात बाबांचा ब्रश दिला आणि बाबांसारखंच सांगितलं की साहेब, आधी ह्यांची दाढी करा. तिने लांबूनच ब्रश एकदा टेकवला आणि हात मागे घेतला. पुन्हा टेकवला. मग सरळ काकांच्या मांडीवर. मी हात जोडून त्यांना हलू नका म्हणाले, तर डोळे न उघडताच म्हणाले की उतरेपर्यंत हलायचा तसाही विचार नाही.

असं गिऱ्हाईक बाबांनासुद्धा मिळालं नसेल! तिने डावी बाजू केली, उजवी केली, मध्येच माझा रुमाल त्यांच्या गळ्यात खोचला. आता मिशीचं टोक मुठीत धरून त्यांच्या खांद्यावर झोपली आहे. काकांचा पाय मुंग्यांनी भरलाय, पण ते हूं की चूं करत नाहीत. मी त्यांना घोटघोट चहा पाजतेय.

अहो, पोरीची भीती गेली! तिला बाबांची मिशी पोटभर ओढायला लावते की नाही बघा. ही आपणहून त्यांच्याकडे झेपावेल तेव्हा त्यांचा चेहरा कसा होईल ह्या विचारानेच मला रडू येतंय, आणि पुढच्या बाई चष्मा मिळूनही पुन्हा वळून बघतायत.

जेवत जा. लोभ मागत नाही, तो लग्नातच घेतलाय.

तुमचीच,
बबी

२८ एप्रिल

चि. जावईबापूंस,
अनेक उ. आ.

तुमच्या सासूबाईंचं पत्र लेकीऐवजी तुम्हालाच मिळालं, हे तुमच्या फोनवरून कळलं. म्हणजे मिशी गेल्याचं तुम्हाला ठाऊक, टपाल कचेरीला ठाऊक, गल्लीला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त माझ्या लेकीला.

विमानतळावर मी सगळ्यांत पुढे उभा होतो. बबी गाडी ढकलत आली, माझ्यासमोर थांबली आणि काका, जरा बाजूला होता का म्हणाली. मी झालो बाजूला! दुसरं काय करणार, छत्री सावरत मागे सरकलो. सासूबाई ओरडल्या तेव्हा तिने वळून पाहिलं आणि डोक्याला हात लावून मटकन बॅगेवर बसली. मागून ते ट्रम्पेटवाले गृहस्थ आले, कडेवर आमची नात, आणि तिच्या मुठीत त्यांची ती भरघोस मिशी. माझा हात आपसूक रिकाम्या ओठाकडे गेला.

भिंगरीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रडली नाही आणि आलीही नाही. रडली असती तर परवडलं असतं. जिच्यासाठी मिशी उतरवली तिला मिशीच हवी होती! त्या गृहस्थांना न्यायला माणसं आली, तेव्हा तिला सोडवताना सगळा विमानतळ गोळा झाला. जाताना तेही डोळे पुसत होते. भला माणूस. पण मला त्या वेळी त्यांचा फार राग आला.

पुढे आठवडाभर मी म्हणजे घरातलं कपाट. ती मला वळसा घालून जायची. दुकानात समोरचा विचारायचा की नात आली का कडेवर, आणि मी कात्रीला धार लावत बसायचो.

मग एका सकाळी मी ओसरीवर चहा घेत होतो. तीन-चार दिवस वस्तरा लावला नव्हता, ओठावर खुंट आले होते. पाहतो तर भिंगरी ब्रश घेऊन आली. कुणी पाठवली नव्हती, आपल्या पायांनी आली! मांडीवर चढली, ओठावर बोट फिरवलं, टोचलं तशी खिदळली. मग रोपाला पाणी घालावं तसा ब्रश फिरवायला लागली. बबी म्हणाली की तिला वाटतं ब्रशाने मिशी उगवते. मी म्हटलं, वाटू दे. तेव्हापासून डोळे उघडले की आधी माझ्याकडे, पीक कितपत आलं ते बघायला. परवा तिने माझं काम केलं आणि त्याच वेळी मी तिचं. झिपऱ्या कापून झाल्या तरी तिला पत्ता नाही. कपाळ थेट बबीचं आहे हो.

आता मुख्य मुद्दा, आणि हा फक्त तुमच्यामाझ्यात. मिशी तरारायला लागली तशी मनात पाल चुकचुकली. ही पुरती आली की पोरीचं काम संपलं, आणि हाताला काम नसलेलं पोर एका जागी टिकत नाही, हे मीच जगाला सांगत आलोय. म्हणून हल्ली एकाआड एक दिवस दुपारी समोरच्याकडे जातो. तो दार लोटून घेतो आणि थोडीशी उतरवून देतो. मजुरी अजूनही घेत नाही, उलट चहा पाजतो. सासूबाई म्हणतात की वयामुळे वाढ खुंटली असेल. मी मान डोलावतो.

तेव्हा तुम्ही याल त्या दिवशी मिशी खुंटाएवढीच दिसेल. दिसली की गप्प बसायचं, आणि भिंगरीसमोर तर मुळीच विषय काढायचा नाही. लोभ वाढता ठेवा. मिशीचं मी बघतो.

तुमचे,
सासरे