तिच्या कामाला वेगळा रकाना

३ जून, दुपारी
मंजूर! मॅनेजरने स्वतः जिन्यात सांगितलं. आमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या कामांच्या यादीत, ‘स्टोरी’ म्हणजे ग्राहकाच्या मागणीखेरीज आता ‘तांत्रिक काम’ हा वेगळा प्रकार. ग्राहकाला जे दिसत नाही, पण ज्याच्यावाचून त्याला काहीच दिसणार नाही, ते सगळं त्यात. चिन्ह: नट आवळायचा राखाडी पाना. रंग मी निवडला.
कल्पना माझी. कारण ती, शेजारच्या टेबलावरची. बॅकअप, डेटाबेस, सर्व्हर सगळं ती सांभाळते आणि डेमोला टाळ्या बटणं रंगवणाऱ्यांना. आता नाही चालायचं.

४ जून
तिला सांगितलं. म्हणाली, कशाला उगाच? माझी कामं मी दुसऱ्यांच्या स्टोरीत सरकवून देते, बरं चाललंय. ‘बिल लवकर दिसावं’ या स्टोरीच्या पोटात तिने म्हणे अख्खा सर्व्हर बदलला.
केवढा हा विनय! ठरलं. तिचं सगळं मीच वेगळं काढणार.

५ जून, संध्याकाळी
ताईला सांगितलं. ताई म्हणाली, अरे, सरळ चहाला विचार की तिला. पोरीला कोणी रकाना भेट देतं का, बावळटा?
ताईला आमची अ‍ॅजाईल कामाची पद्धत कळत नाही. संकल्प: चहा, पण स्प्रिंट, म्हणजे कामाची ही फेरी, संपल्यावर. आधी पाया पक्का.

९ जून
जुन्या स्टोऱ्या उकरून तिची सगळी कामं बाहेर काढली. प्रत्येकावर तिचं नाव. ती म्हणाली, नको रे, चारचौघांत उघडं पडल्यासारखं होतं. मी म्हटलं, तू बघच.
लाजते.

१२ जून
मोठ्या साहेबांना स्क्रीनवर कामांचा बोर्ड दाखवला. राखाडी पान्यांचा लांबच लांब रकाना! साहेबांनी विचारलं, यातून ग्राहकाला काय मिळतं? मी म्हटलं, थेट काहीच नाही सर, व्याख्याच तशी आहे. साहेबांनी मान डोलावली, स्क्रीनचा फोटोही काढला. छाप पडली.
ती माझ्याकडे बघत राहिली. एवढा वेळ पहिल्यांदाच.

१६ जून
खर्चकपात. तिची जागा रद्द.
मॅनेजर म्हणाला, शोधाशोध करावीच लागली नाही, राखाडी पान्याचा फिल्टर लावला, एकच नाव आलं. वर मला थँक्यू म्हणाला.
हा फिल्टरचा सरळ सरळ दुरुपयोग आहे. निषेधाचा मेल लिहिला. ड्राफ्टमध्ये आहे.

१७ जून
चहाला विचारलं. स्प्रिंट संपला नव्हता, तरी. ती खोक्यात सामान भरत होती. म्हणाली, मी नको म्हटलं होतं ना तुला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.
मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं गं. ती म्हणाली, माहीत आहे. एप्रिलपर्यंत तर मी वाटही बघत होते, आज विचारशील, उद्या विचारशील.
मग खोक्याला चिकटपट्टी लावायला टोक सापडेना. मी शोधून दिलं.

१९ जून
निष्कर्ष: वाट बघत होती, म्हणजे आशेला जागा आहे. ताईला तसं सांगितलं. ताईने ताट वाढून समोर ठेवलं.
तिची कामं आता माझ्याकडे, ‘वेळ मिळेल तशी’. सोमवारी अकराला कॉलवर ती सगळं समजावणार. शर्ट इस्त्रीला टाकला. काय बोलायचं ते मुद्दे काढले.

संध्याकाळी
कॉलचं निमंत्रण आलं. अर्धा तास. तिने मॅनेजरलाही बोलावलंय. खाली एक ओळ: माझा कॅमेरा बंद असेल.