छातीचं माप

रविवार, ९ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. मामीलाही सांग. आम्ही मजेत आहोत, तुम्हीही असाल, असं लिहायची पद्धत आहे. पण दहा महिने न बोललेल्या भाच्यानं असं लिहिलं तर तू म्हणशील, भाचेबुवा, नाटकं पुरे. तर नाटकं पुरे. फोनवर माझं तोंड उघडणार नाही म्हणून लिहितोय. कागद निदान मध्येच 'बरं, मग?' असं विचारत नाही.

पहिली बातमी: मला कॅन्सर नाही. दचकू नकोस. आहे असं फक्त मलाच वाटत होतं, आणि वर्षभर मी त्यानं रोज मरत होतो. छातीत दोन्ही बाजूंना कोटाच्या बटणाएवढी गाठ, जरा धक्का लागला की ब्रह्मांड आठवायचं. आणि छाती मुलींसारखी वर आलेली. तू बघितलंच आहेस.

मग मी काय शहाणपणा केला? पाय मुरगळल्यावर बांधतात ती क्रेपची पट्टी छातीला गुंडाळायची, वर दोन बनियन, वर शर्ट. आठ महिने. पुढच्या बाकावर बसायचं नाही, पाठीत पोक काढून चालायचं, पोहायच्या तासाला कायमची सर्दी. सर म्हणायचे, तुझं नाक आहे की नळ?

गेल्या मंगळवारी मैदानावर धावताना श्वास कोंडला आणि मी आडवा झालो. सरांनी शर्टाची बटणं काढली आणि पट्टी बघितली. मला वाटलं, संपलं, आता सगळ्या शाळेला कळणार. पण सरांनी स्वतःचं जाकीट काढून माझ्यावर टाकलं आणि पोरांवर ओरडले, "काय तमाशा आहे? पळा, दोन चकरा!" मामा, मला तिथंच रडू आलं.

आई धावत आली. पट्टी बघून तिला वाटलं बरगडी मोडलीय. मग दवाखाना. डॉक्टर म्हातारे आहेत. हात गार, पण बोलणं गरम भाकरीसारखं. त्यांनी तपासलं, कुठली औषधं घेतोस का विचारलं आणि म्हणाले, "वयात येताना निम्म्याहून जास्त मुलांना हे होतं. बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप बसतं. नाही बसलं तर उपाय आहेत. पट्टी मात्र आजपासून बंद. या महिन्यातला तू चौथा आहेस माझ्याकडे."

चौथा! मला बाकीच्या तिघांना मिठी मारावीशी वाटली. बाहेर येऊन मी आईकडे दोन आइस्क्रीम मागितली आणि तिनं चक्क दिली.

आता त्या दिवसाचं. गणवेशाच्या मापाला मी दुकानात आलो होतो. तू नेहमीसारखा टेप लावून मापं मोठ्यानं सांगत होतास आणि मामी वहीत लिहीत होती. सकाळपासून तू ब्लाउजच शिवत होतास, छातीला टक्सच्या चुण्या घालत. तोंडात टाचण्या धरून म्हणालास, "छाती चौतीस. लिही गं, पुढून टक्स घालायचे." मामी हसली. तूही जीभ चावलीस. पण बाकड्यावर माझ्या वर्गातला एक जण बापाबरोबर पँट आणायला बसला होता, तो खो खो हसला. मी टेप अंगावरच घेऊन पळालो. सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवसापासून माझं नाव टक्स. (तो पोरगा भर उन्हात बनियनवर बनियन घालतो, हे परवा माझ्या लक्षात आलं. मी काही बोललो नाही. निम्म्याहून जास्त म्हणजे कोणीतरी असणारच ना.)

तुझी जीभ घसरली, एवढंच. तेवढ्यासाठी दहा महिने लागत नाहीत, हे तुलाही कळतं. आईनं तुझं काही न ऐकता बोलणं का तोडलं, हे तुला अजून कळलेलं नाही. ते मी केलंय.

घरी आलो तेव्हा माझं तोंड लाल झालं होतं. आईनं विचारलं, काय झालं? तू टक्स म्हणालास, हे मला सांगता येईना. सांगितलं असतं तर तिनं माझ्या छातीकडे बघितलं असतं. म्हणून मी म्हणालो, मामानं सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली वाजवली.

आईनं तुला फोन केला. तू म्हणालास, मी हात लावला नाही गं. मामी म्हणाली, खरंच नाही लावला. आई म्हणाली, "तू त्याचीच बायको, तू आणखी काय सांगणार!" पुढचं तुला माहीत आहे. मला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. मग चार दिवस गेले, मग इतके गेले की खरं सांगायला जागाच उरली नाही.

काल सांगितलं. गाठ कॅन्सरची नाही हे कळल्यावर अंगात एवढी हिंमत आली की वाटलं, हेही आत्ताच उरकावं. आईनं गॅस बंद केला. मारलं नाही, ओरडली नाही. फक्त विचारलं, "तो फोनवर रडत होता, तेव्हा तू कुठं होतास?"

मी म्हणालो, तुझ्यासमोरच.

मामा, माझं चुकलं. माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही, पण म्हणतो. खूप हलकं वाटतंय आणि त्याचीच लाजही वाटतेय, कारण माझं ओझं उतरलं, तुझे दहा महिने परत येणार नाहीत. तू मला खरंच एक वाजव. मी गाल पुढे करीन.

तुझा खोटारडा,
भाचा

दादा,
कार्ट्यानं पत्र पाकिटात घालायच्या आत मी घेतलं. भावापेक्षा पोरावर विश्वास ठेवला मी. कालपासून चार वेळा तुझा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. पत्र मिळालं की मिस्ड कॉल दे, मी करते. मला बोलता आलं नाही, तर फोन ठेवू नकोस.