बारकूच्या पोटऱ्यांवरचा चिखल

४ जुलै
बातमीसाठी डोळखांबच्या पुढच्या पाड्यावर जाऊन आलो. बारकू म्हणून शेतकरी — वीस गुंठे भात. यंदा नांगर नाही, चिखलणी नाही, लावणीसुद्धा नाही! गादीवाफे केले, भोकं पाडली, दाणे टाकले. टिलरचं भाडं वाचलं, लावणीची माणसं वाचली. "सरळ सहा हजार राह्यले घरात," म्हणतो. सरळ? मला शंका आहे.

न नांगरता पिकणाऱ्या धान्याला संस्कृतात 'अकृष्टपच्य' म्हणतात. पण ते सत्ययुगात. इथे एसटीसुद्धा वेळेवर येत नाही. बारकूला शब्द ऐकवला. मान डोलावून म्हणाला, "हां, नवीन बियाणं असंल."

५ जुलै
किन्हवलीचा तणनाशकं विकणारा औषधवाला इंद्रजीत बारकूचं फारच कौतुक करतो. नांगर गेला की तण येतं, तण आलं की इंद्रजीत येतो. शंका फिटेपर्यंत बातमी राखून ठेवली.

९ जुलै
न कळवता गेलो. बारकू समोरूनच आला — पोटऱ्यांपर्यंत चिखल! ओला, ताजा, चिखलणीचाच. म्हणजे हा लपून नांगरतो!
"पाय कशानं माखले, बारकूशेठ?"
"घसारलो."
दोन्ही पायांनी सारख्या उंचीपर्यंत घसरणारा माणूस मी प्रथमच पाहिला. त्याची बायको मंगळी पदराआड हसत होती.

१० जुलै
पुन्हा गेलो. बारकूचे वाफे शाबूत. चिखल शेजारच्या गोजरबाईच्या शेतातला! तिच्या चिखलणीला, लावणीला हे दोघं रोज जातात. बिनपैशांनी.

"सावड हाय ना भाऊ," मंगळी म्हणाली. "आज आमी तिच्याकडं, कापणीला तिची पाच माणसं आमच्याकडं. आमची लावणी नाय म्हणून घरात बसलो, तं कापणीला कोण येल? भात काय चालत येतं घरी?"

म्हणजे वाचलेले दिवस शेजारच्या शेतात खर्ची पडतात. हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही!

बारकू मात्र अजीजीने, "पेपरात नका घालू भाऊ. तो इंद्रजीत हसल — स्वतःचं नांगरत नाय नि दुसऱ्याचं चिखलतो."

१४ जुलै
बातमी लागली. बारकूचं ऐकलं, सावडीचं अक्षर नाही. मथळा ऑफिसातल्या प्रियांकाने दिला — 'बारकूला आता कुणाची गरज नाही!' वाचून दाखवला तेव्हाच खटकला होता. बोललो नाही. चार कॉलम मिळत होते.

२१ जुलै
पाड्यावर कात्रण पोचलंय म्हणे. खूष झालो असेन, बहुतेक.

३० ऑक्टोबर
बारकूचा फोन. गोजरबाईने जुलैच्या नऊ दिवसांची मजुरी पाठवून दिली, रोख. निरोप — "गरज नाय ना आमची? मंग मजूर म्हणून घे." भात पिकून आडवं व्हायला लागलंय. बाहेरचा माणूस पाचशेच्या खाली येत नाही.
गोजरबाईकडे गेलो. सगळं खरं सांगितलं. "मंग तवा का नाय लिव्हलं?" म्हणाली.

२ नोव्हेंबर
दोघंच कापत होते. मी विळा मागितला.
मंगळीने दिला नाही. "नको भाऊ. तुमचं फेडायला आमी कुठं यायचं?"